नामांकन न मिळालेला शेवट

आमच्या काकूला दिसत नाही, हे हॉस्पिटलात नव्याने लागलेल्या माणसाला बरेच दिवस कळत नाही, कारण ती त्याला आधी फोनवर भेटते. टेलिफोन एक्स्चेंजच्या छोट्या खोलीत ती बसते. फोन उचलून "बोला" एवढंच म्हणते, पण असं म्हणते की समोरचा पाल्हाळ सोडून मुद्द्यावर येतो. कुणाला सर्दी झालीय हे त्याच्या बायकोच्या आधी काकूला कळतं. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मी त्याच हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर असते, त्यामुळे घरची काकू आणि कामावरची एक्स्चेंजबाई अशा दोघी मला एकीतच मिळाल्या आहेत.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधलं पंख्याखालचं टेबल आमचं असतं. तिथे आणखी दोघं येतात. एक मेट्रन. सगळ्या नर्सेसची वरिष्ठ. तिला बघून डॉक्टरसुद्धा शर्ट नीट खोचतात, पण सिनेमात तीच बाई नावं संपायच्या आत डोळे पुसायला लागते. दुसरे एक्स-रेवाले. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, रोखा, सोडा" सांगून त्यांचं स्वतःचं बोलणंही तसंच झालंय. एक वाक्य बोलतात, थांबतात, मग सोडतात. चौघांचा विषय एकच, सिनेमा. एरवी गप्पा गोडीगुलाबीने चालतात. पण वर्षाच्या पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की त्या टेबलावर घास सुखाने घशाखाली उतरत नाही.

एक्स-रेवाल्यांची नामांकनांवर नितांत श्रद्धा. "एवढी जाणकार मंडळी बसतात, बाई. विचार करतात. उगाच निवडतील का?" यादीतला एकूण एक सिनेमा ते निकालाआधी बघून टाकतात, परीक्षेला बसल्यासारखे. काकूचं बरोबर उलटं. सिनेमाला नामांकन मिळालं की तिला त्याचा संशयच येतो.

"तुमचा तो गाजलेला सिनेमा आम्हाला फार जड गेला हो," ती एकदा म्हणाली. "त्यात कुणी तोंडच उघडत नाही. माझ्या नवऱ्याचा घसा बसला."

कारण काकूला सिनेमा काका सांगतात.

काका शिंपी आहेत. गणवेश शिवतात, शाळांचे, वॉचमनचे, आमच्या नर्सेसचेही. खाली दुकान, वर घर. माणूस इतका अबोल की गिऱ्हाइकाशी मापापलीकडे अक्षर बोलत नाही. माझ्या लग्नात मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवून "बरं आहे" म्हटलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी मला सांगितलं की तुझं नशीब, दोन शब्द मिळाले.

लग्नानंतर काकू दुकानातच बसायची. काजं आणि बटणं तिच्याकडे. तिचं काज उसवलेलं कुणी पाहिलेलं नाही. पण तिशी ओलांडली आणि तिची नजर कडांकडून आत विझत आली. आधी दाराच्या चौकटी लागायला लागल्या. मग सुईत दोरा जाईना. मग डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की उरलंय तेही आता राहणार नाही. काकूने भांडायचंच सोडलं. आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट होती. ती दुकानातल्या स्टुलावर बसून राहायची आणि डब्यातली बटणं बोटांनी चाळायची, काही शिवायचं नसताना.

काकांना धीर देता येत नाही. तो त्यांच्या अंगातच नाही. त्यांनी एवढंच केलं की एका कामाच्या दिवशी भरदुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि म्हणाले, "चल. सिनेमाला."

"मी काय करू तिथे?" काकू म्हणाली.

"मी सांगतो."

आणि अंधारात त्या माणसाला वाचा फुटली. जे समोर दिसेल ते काका सांगत सुटले. आता शिंप्याला आधी काय दिसणार? "तो आला. ब्लेझर आहे. खांद्यात ओढतोय, कुणाकडून तरी मागून आणलाय." "ती उठली. बाही उसवलीय, तिच्या लक्षात नाही." काकूला माणसं अशी कपड्यांतून कळायला लागली. त्यावर ती बिनधास्त निकाल द्यायची. एका सिनेमात तर तिने मध्यंतरातच खुनी जाहीर केला, का तर भर पावसात त्याच्या पँटची इस्त्री मोडली नव्हती. शेवटी तो बिचारा पोलीस निघाला. "ती कपडेपटाची चूक, बाई," एक्स-रेवाले म्हणाले. काकूने ऐकून घेतलं नाही.

त्यांच्या कुजबुजीवरून थिएटरात सुरुवातीला खूप बोलणी खावी लागली. एका गृहस्थाने मागे वळून खास झापलं होतं. पुढे कधीतरी तोच गृहस्थ चष्मा घरी विसरून आला आणि मध्यंतरानंतर गुपचूप यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. तेव्हापासून काकू त्या थिएटरला आपलं माहेर मानते.

त्या पहिल्या दुपारी त्यांनी पाहिलेला सिनेमा मात्र कुणाच्या ऐकिवातही नव्हता. छोटा होता, आला तसा गेला. बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसणारी एक बाई, आणि बदली होऊन लांब गेलेला एक ड्रायव्हर. तो म्हणालेला असतो की मी येईन. शेवटी ती त्याच्या बसची वाट बघत थांबते. शेवटच्या प्रसंगात संवाद नाहीत. नुसतं बसचं इंजिन, वारा आणि पावलं.

"आणि तो उतरतो," काकू सांगायची. आम्हाला हे पाठ झालं होतं, तरी घास हातातच राहायचे. "काही बोलत नाही. अंगातला युनिफॉर्मचा कोट काढतो आणि तिच्या खांद्यावर घालतो. कोटाचं वरचं बटण तुटलेलं असतं. मग ती त्या जागी दोन बोटांनी कोट धरते, आणि दोघं चालत जातात. संपलं! अशा शेवटाला ज्यांनी नामांकन दिलं नाही, त्यांनी मला सिनेमातलं काही सांगू नये."

मेट्रनच्या डोळ्यांत दर वर्षी पाणी यायचं. एक्स-रेवाले दर वर्षी म्हणायचे, "न पाहिलेल्या सिनेमाशी मी कसा भांडू?" कधी काका मापं घ्यायला हॉस्पिटलात आलेले असले तर तेही तिथेच बसलेले असायचे. कोटाची गोष्ट सुरू झाली की ते चहात असं काही बघायचे, जणू आत काही पडलंय.

गेल्या वर्षी वाद फारच पेटला. यादीतल्या ज्या सिनेमाच्या शेवटाने एक्स-रेवाले भारावून गेले होते, त्याला काकू म्हणाली, "हा काय शेवट आहे? माणसं कंटाळली म्हणून उठून गेली, एवढंच." एक्स-रेवाल्यांना ते लागलं. चार दिवसांनी ते विजयी मुद्रेने टेबलाशी आले.

"सापडला तुमचा सिनेमा. जुन्या सिनेमांच्या एका साइटवर. या रविवारी दुपारी बघू या, नर्सिंगच्या वर्गात. शेवट तुम्ही सांगता तसा असेल तर वर्षभर मी नामांकन हा शब्द उच्चारणार नाही."

"आणि नसेल तर मी त्या सिनेमाचं नाव काढणार नाही," काकू म्हणाली. "पण तुम्ही आत्तापासून सवय करा."

ही बातमी घेऊन मी संध्याकाळी दुकानात गेले. काका कॉलर उलटवत होते. त्यांचा हात थांबला.

"जुनी प्रिंट असेल," ते म्हणाले. "खराब असेल."

"चांगली आहे म्हणतात."

"रविवारी मला शाळेची ऑर्डर आहे."

"रविवारी?"

"घसाही ठीक नाही."

"मग मी सांगते की काकूला. तुम्ही नुसते बसा."

"नको!" काका म्हणाले. काकांच्या तोंडून उद्गारचिन्ह मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण त्यातून काही समजून घ्यायची अक्कल मला झाली नाही.

रविवारी नर्सिंगच्या वर्गात पडदे ओढले. कोपऱ्यात शिकवायचा सांगाडा उभा होता, त्याच्यावर मेट्रनने चादर टाकली. म्हणाली, हा माझ्याकडे बघतो. काकू सुती साडी नेसून, केस नीट विंचरून आली होती, जणू सत्कार तिचाच आहे. शेजारी काका. त्यांच्या पलीकडे मी. एक्स-रेवाल्यांनी लॅपटॉप जोडला आणि सिनेमा सुरू झाला.

सिनेमा खरंच चांगला होता. तिकिटाच्या खिडकीतली ती बाई सुटे पैसे ज्या तऱ्हेने सरकवायची, त्यातच तिचा सगळा स्वभाव होता. मध्येच एक्स-रेवाल्यांनीसुद्धा "वा" केलं. काका हलक्या आवाजात सांगत होते. स्वेटर, पदर, टोपी. मग शेवट आला. संवाद थांबले. पडद्यावर रिकामा स्टँड. बस येऊन उभी राहिली. वर्गात एवढी शांतता झाली की काकांची कुजबुज सगळ्यांनाच ऐकू जायला लागली.

"बस आली," काका म्हणाले. "दार उघडलं."

पडद्यावर दार उघडलं होतं.

"तो उतरला."

पडद्यावर कुणीही उतरलं नव्हतं. बस तशीच निघून गेली. मी काकांकडे पाहिलं. ते समोर बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"कोट काढतोय. तिच्या खांद्यावर घालतोय. वरचं बटण..."

मेट्रनने मागे वळून पाहिलं. एक्स-रेवाले श्वास रोखून बसले, सोडायला विसरले. पडद्यावर त्या बाईने खिडकीतला दिवा बंद केला, पिशवी उचलली आणि ती एकटीच रस्त्याने चालायला लागली.

"दोघं निघाले," काका म्हणाले.

काकूने मान तिरकी केली. पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तेव्हा तिचे कान साधे होते. त्यानंतर इतकी वर्षं ती दुसरं काहीच न करता नुसती ऐकत आली होती.

"अहो," ती म्हणाली, "चपला एकाच माणसाच्या वाजतायत."

तिने आणखी पुढे वाकून ऐकलं.

"दुसरी पावलं कुठायत?"

"नाहीत," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"तो येत नाही."

"आणि कोट?"

"कोट नाही."

एक्स-रेवाले उठले आणि घाईघाईने पडदे उघडायला लागले, जणू सगळी चूक अंधाराची होती. काकू उभी राहिली. नेहमी तिचा हात आपोआप काकांच्या दंडाकडे जातो. त्या दिवशी तो उलट्या बाजूला, माझ्याकडे आला.

"मला घरी सोड गं," ती म्हणाली.

काकूचा राग मोठ्या आवाजाचा असतो आणि लवकर संपतो. हा तसा नव्हता. ती काकांशी बोलेना. सोमवारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा वर ती, खाली काका, आणि मधल्या जिन्यावर मी, दोघांचे निरोप नेत होते. शेवटी रात्रीच्या जेवणाआधी तिने त्यांना समोर बसवलं. मी उठायला लागले तर म्हणाली, "तू बस. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

मग तिने एकेक सिनेमा काढला.

"त्या डोंगरावरच्या सिनेमात कुत्रा होता का?"

"होता."

"खरंच?"

"होता. तपकिरी. पट्टा नव्हता."

"त्या सावकाराच्या मिशा?"

"होत्या."

"त्या बहिणी शेवटी गळ्यात गळा घालून रडतात, ते?"

"रडतात. गळ्यात गळा... अगदी तसा नाही. एकमेकींकडे बघतात."

"बघ!" काकू माझ्याकडे तोंड करून म्हणाली. "मेट्रनला मी ते रंगवून रंगवून सांगितलंय."

आणि मग तिने ते विचारलं. "का पण? ती एकटी गेली एवढंच सांगायचं होतं ना."

काकांनी बराच वेळ टेबलावरची सुरकुती सरळ केली. तिथे टेबलक्लॉथ नव्हता, तरी केली. "तुझा हात माझ्या हातात होता," ते म्हणाले. "गार पडला होता. तू त्या बाईसारखीच वाट बघत होतीस. मला सांगवेना. म्हटलं एकदाच. मग थिएटरातून बाहेर आलो आणि तू हसलीस. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलंस. मग मागे कसं घेऊ?"

"मागे घ्यायला इतकी वर्षं होती. मी चारचौघांत भांडत राहिले आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत राहिलात!"

"तू इतकी जोरात भांडायचीस," काका म्हणाले, "की मलाही वाटायला लागलं, कोट होता."

मला हसू फुटलं. काकूने मला दटावलं, पण दटावताना तिचाही ओठ हलला. तरी त्या रात्री ती त्यांच्याशी बोलली नाहीच.

दुसऱ्या दिवशी कामावरून निघताना तिने मला थांबवलं. "तुझ्या फोनवर तो शेवट लाव. आणि तू सांग. कपड्यांचं नको, जे आहे ते सांग."

आम्ही एक्स्चेंजच्या खोलीतच बसलो. मी सांगितलं. बस गेली. कुणी उतरलं नाही. तिने दिवा घालवला. पिशवी घेतली. चालायला लागली.

"रडते का?"

"नाही."

"मागे बघते?"

"नाही गं."

"चालते कशी?"

मला नीट बघावं लागलं. "आधी हळू. मग जरा ताठ. मग नेहमीसारखी."

"पुन्हा लाव," ती म्हणाली. ऐकून झाल्यावर हेडफोन हातात फिरवत बसली. "ऑपरेटरच्या ट्रेनिंगला मी पहिल्यांदा एकटी निघाले ना, काठी घेऊन, तेव्हा मी अशीच चालले असणार. हळू, मग ताठ." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे काका मागून यायचे. मला कळू नये म्हणून रस्त्याच्या पलीकडून. डाव्या चपलेचा अंगठा सैल होता, फटफट वाजायचा. शिंपी माणूस, पण स्वतःची चप्पल शिवून घेईल तर शपथ."

"तू त्यांना बोलली नाहीस?"

"कशाला? बरं वाटत होतं."

त्या संध्याकाळी ती दुकानात शिरली आणि मशीनच्या आवाजाच्या दिशेला म्हणाली, "चहा टाकतेय. घेणार का?" काका म्हणाले, "घेतो." समेट झाला.

कॅन्टीनमध्ये मात्र सगळे तिला घाबरून होते. मेट्रनने नियम काढला होता की सिनेमाचा विषयच नको. एक्स-रेवाले तर चहाचा कप घेऊन स्वतः एक्स्चेंजच्या दारात गेले. "बाई," ते म्हणाले आणि थांबले. "मी जिंकलो असं मी कुठेही म्हणणार नाही."

"का नाही? जिंकलातच की. आणि शेवट तुम्ही पाहिलात तोच चांगला आहे. आमच्या यांनी घातलेला गोडमिट्ट आहे."

आता एक्स-रेवाल्यांनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण तो गृहस्थ भांडणाचा खरा रसिक. "छे छे," ते म्हणाले. "अजिबात नाही. मी रात्रभर विचार केला. कोटाचा शेवट कितीतरी सरस आहे. तुटकं बटण! दिग्दर्शकाला सुचलं असतं तर नामांकन हातचं होतं!"

"काय बोलता! मग तिच्या एकटीच्या चालण्याला काही अर्थच उरत नाही."

"चालणं कुणीही दाखवेल, बाई. बटण सुचावं लागतं."

दुपारपर्यंत तो वाद टेबलावर आला आणि बाजू पूर्ण बदलल्या होत्या. काकू खऱ्या सिनेमाच्या बाजूने हातघाईवर आली होती, एक्स-रेवाले काकांच्या. मेट्रनला दोन्ही शेवटांना रडू येत होतं, म्हणून तिचं मत बाद धरलं. त्याच दिवशी काका नर्सेसच्या कोटांची मापं घ्यायला आले होते. एक्स-रेवाल्यांनी त्यांना हाताला धरून आणलं, स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाले, "सांगा हो, बटण कसं सुचलं?"

काका लाजले. त्या वयात, त्या टक्कलावर लाल होणं फार दिसतं. "ही बटणं शिवायची," ते म्हणाले. "म्हटलं, त्यातलं एक तुटलेलं असलं तर हिला आवडेल."

एवढं बोलून त्यांनी खिशातून मापाची पट्टी काढली आणि मेट्रनच्या बाहीचं माप घ्यायला लागले, तिचं माप आधीच झालेलं असताना.

तेव्हापासून काका-काकूत एक करार आहे. थिएटरात जे आहे तेच सांगायचं. काही घालायचं असेल तर बाहेर पडल्यावर, रस्त्यात. त्यामुळे त्यांना घरी पोहोचायला आता पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, कारण काकांच्या मनात सगळ्याच सिनेमांच्या बाबतीत काही ना काही असतं, हे काकूला इतक्या उशिरा कळलं. परवा म्हणाली, "अगं, हा माणूस इतका बोलतो आणि मला कुणी सांगितलं नाही."

यंदाची नामांकनं मागच्या आठवड्यात आली. एक्स-रेवाल्यांचा आवडता सिनेमा यादीत नाही. त्यांचा चेहरा मेट्रनने वॉर्डात जाऊन वर्णन करून सांगितला म्हणतात. त्यांची श्रद्धा हलली आहे, आणि काकू त्यांना फार मायेने छळते आहे. "जाणकार मंडळी बसतात हो," असं दिवसातून एकदा तरी एक्स-रे विभागाला फोन लावून सांगते.

यादीतला एक सिनेमा बघायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्यात एक म्हातारा, बायको गेल्यावर, रिकाम्या स्वयंपाकघरात बसलेला असतो. प्रसंग खूप लांबतो.

"काय करतोय?" काकूने विचारलं.

"बसलाय," काका म्हणाले.

"चेहरा?"

"आपल्याकडे पाठ आहे." काका जरा घुटमळले. "काही घालून सांगू का?"

काकूने ऐकलं. पडद्यावर नळ ठिबकत होता, लांब कुठेतरी एक मोटार गेली.

"नको," ती म्हणाली. "बसू दे त्याला."